पाऊण इंच माया

गफूरमास्तरांच्या दुकानाच्या फळीवर खडूनं 'आज पाव्हणा हाय, दुकान बंद' असं लिहिलेलं दिसलं की धाराशिवातली नवी माणसं हळहळायची. किती हा पाहुण्यांचा राबता म्हणायची. जुनी माणसं मात्र ओळखून असायची. मास्तरांचा पाव्हणा म्हणजे माणूस नव्हेच. कुणाच्या तरी पणजोबाचा अंगरखा, एखादी विटलेली बाराबंदी, नाहीतर निजामाच्या काळातली कसर लागलेली शेरवानी. असा पाव्हणा आला की मास्तर फळ्या लावून घेत, पंखा बंद करत, चपला बाहेर काढत आणि जमिनीवर खाकी कागद पसरून दोन-दोन दिवस त्याच्याशी बोलत बसत. बाहेर शाळेच्या गणवेशाची गिऱ्हाइकं बोंबलत उभी असायची. एकदा त्या गिऱ्हाइकांत मीही होते, आणि बोंबलण्यात सगळ्यांच्या पुढं होते.

मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे. तोंडानं फटकळ, हे माझं मीच सांगितलेलं बरं, नाहीतर गावात सांगणारे पुष्कळ आहेत. त्या वर्षी स्नेहसंमेलनात मावळ्यांचं नाटक बसवलं होतं आणि कपड्यांचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. मी एक जुनं कॅलेंडर गुंडाळून नेलं. मास्तरांनी फळी किलकिली केली, कॅलेंडर उघडलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि चित्रातल्या मावळ्याच्या छातीवर बोट ठेवलं. म्हणाले, "बाई, ह्येला बटनं लावल्यात."

मी म्हटलं, मग लावली तर लावली, नाटक पाऊण तासाचं आहे. त्यावर त्यांनी मला आत बसवलं, चहा सांगितला आणि बाराबंदी म्हणजे काय ते समजावून दिलं. बारा बंद, म्हणजे बाराच. छातीवर किती, काखेखाली किती, आतल्या बाजूला किती, कुठला आधी बांधायचा, कुठला मागनं. बटण हे आळशाचं काम, असं त्यांचं ठाम मत होतं. मला काही शिकवायला कुणी बसवून घेतलंय असं बऱ्याच दिवसांनी होत होतं, त्यामुळं मी गप्प ऐकून घेतलं. शेवटी ते हसून म्हणाले, "तुमी बाई आन् मी मास्तर. शाळा तेवढी काढायची ऱ्हायली."

नऊ बाराबंद्या शिवून आल्या. देखण्या म्हणजे देखण्या. पण संमेलनाच्या दिवशी आमच्या लक्षात आलं की नऊ मुलींचे बारा-बारा बंद बांधायचे म्हणजे एकशे आठ टोकं जुळवायची. रंगमंचावर शत्रूचा सरदार 'आता येतील ते मावळे, येऊ देत' म्हणत उभा, आणि आत मावळे काखेतला बंद शोधतायत. सरदार झालेली आठवीतली मुलगी हुशार. तिनं 'अजून कसे आले नाहीत' हे वाक्य चार वेगवेगळ्या सुरांत म्हणून दाखवलं आणि मग कंटाळून खाली बसली. प्रेक्षक हसून लोळायचे बाकी होते. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडं जे बघितलं ते मी अजून विसरलेले नाही. पहिल्या रांगेत मास्तर मात्र मान डोलावत होते. नंतर मला म्हणाले की तेव्हाच्या माणसाला रोज एवढाच वेळ लागत असणार, हे आज पहिल्यांदा डोळ्यांनी बघायला मिळालं. माझी नोकरी जायची वेळ आली होती आणि या माणसाचा अभ्यास पुरा होत होता.

दिसायला मास्तर काटकुळे. कानामागं पेन्सिल, तोंडात बडीशेप, आणि अंगात कायम बाजारातला रेडीमेड टी-शर्ट. पोराचा जुना, छातीवर काहीतरी इंग्रजी अक्षरं आणि पाठीवर खेळाडूचा नंबर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी एकदा टोचलं, तर म्हणाले की हलवायाला कधी स्वतःचे पेढे खाताना बघितलंय का. पोट भरण्यासाठी ते पँटी आणि गणवेश शिवायचे आणि त्या कामाला टेप वापरायचे. पाव्हण्याला टेप चालायची नाही. त्याच्यासाठी भिंतीवर खिळ्याला आजोबांचा मापाचा लोखंडी गज टांगलेला होता. त्यावर गिरहांच्या खुणा, एका गजात सोळा गिरह. अंगठा लागून लागून मधल्या खुणा पार झिजलेल्या, तरी त्यांना न बघता सापडायच्या. शिसवी लाकडाची एक वाकडी पट्टी होती, काखेजवळच्या मुंढ्याची आणि गळ्याची गोलाई काढायला. तिच्यावर एकही आकडा नव्हता. ही अशी वाकडी का, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "माणूस कुठं सरळ हाय, तर पट्टी सरळ पायजे?" आणि पितळी मुठीची कात्री. ती ते कुणाला उचलूसुद्धा देत नसत. एकदा मी तिनं सुतळी कापली होती. पुढं आठ दिवस ते माझ्याशी 'या', 'बसा' एवढंच बोलत होते.

त्यांची नक्कल उतरवायची रीत बघण्यासारखी होती. जुना कपडा ते कधी उसवत नसत. कागदावर अलगद पसरायचा, शिवणीच्या कडेकडेनं बारीक सुईनं टोचत जायचं, कपडा उचलला की कागदावर भोकांची ओळ राहते, ती पेन्सिलीनं जोडायची. असं करत एकेका कपड्याचा हात, पाठ, घेराचे निमुळते तुकडे म्हणजे कळ्या, सगळं कागदावर यायचं. मी म्हटलं, उसवून सुटे तुकडे केले तर तासाभरात होईल की. मास्तर दुखावल्यासारखे झाले. म्हणाले, "पाव्हण्याला जेवान इचारायचं का त्येचे खिसे चाचपायचे?" त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या भाभींना, या पाव्हण्यांचा राग होता. दुकानामागंच त्यांचं घर. त्यांचं म्हणणं, अंगरख्याला हा माणूस दहादा विचारतो बरं वाटतंय का, आणि मला ताप आला तर म्हणतो दवाखाना उघडा असेल.

आता खिसे चाचपण्यावरनं आठवलं. उमरग्याला आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या मुलीचं लग्न होतं. मास्तरांनी त्या घरचे कपडे शिवलेले, म्हणून त्यांनाही बोलावणं. आम्ही एकाच एसटीनं गेलो. जेवणाच्या रांगेत आमच्या पुढं एक उंचेपुरे म्हातारे गृहस्थ उभे होते, अंगात काळी जुनी शेरवानी. मास्तरांची बडीशेप चघळायची थांबली. मी काय म्हणतेय याकडं लक्ष नाही. लग्नपत्रिका पालथी करून त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, आणि मी बघतेय तोवर हा माणूस त्या गृहस्थांच्या पाठीवर वीत टेकवून माप घ्यायला लागला. एक वीत, दोन वीत, मग कमरेशी चार बोटं. त्या गृहस्थांनी न वळताच यांचं मनगट धरलं आणि शांतपणे म्हणाले, "पाकीट डाव्या खिशात हाय."

मास्तर म्हणाले, "पाकीट ऱ्हाऊ द्या. तुमच्या पाठीची शिवण कुणी घातली?"

आजूबाजूचे चार जण गोळा झाले. मला म्हणावं लागलं की हे माझ्या ओळखीचे आहेत. खरं सांगते, म्हणायच्या आधी क्षणभर मी विचार केला. ते गृहस्थ म्हणजे अण्णाराव. उमरग्यातलं जुनं घराणं, भुसाराचा मोठा व्यापार. शेरवानी वडिलांची होती. पाठीच्या शिवणीबद्दल कुणी विचारील असं त्यांना आयुष्यात वाटलं नव्हतं, त्यामुळं ते इतके खूश झाले की जेवण होताच आम्हाला घरी घेऊन गेले. तिथं त्यांनी पेटीतनं पांढऱ्या धोतरात गुंडाळलेला एक अंगरखा काढला. खापरपणजोबांचा. त्या घरात दर दसऱ्याला तो पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि पुन्हा पेटीत ठेवतात. मास्तरांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मी संध्याकाळच्या गाडीनं परत आले. ते तीन दिवसांनी आले. भाभींनी त्या तीन दिवसांत मला पाच फोन केले, जसं काही मीच त्यांना पळवून लावलं होतं.

त्या अंगरख्यात एक गंमत होती. सगळा कपडा मोतिया रंगाचा, पण डाव्या अंगाला काखेपासून खालपर्यंत बोटभर लाल पट्टी. उजवीकडं काही नाही. मास्तरांनी यावर फार विचार केला आणि एक दिवस मला निकाल सांगितला. तलवार डाव्या कमरेला. म्हणून लाल पट्टी डावीकडं. मानाची पट्टी. मला ते इतकं पटलं की मी त्यांना शाळेत बोलावून मुलींपुढं बोलायला लावलं, आणि वर 'मानाची लाल पट्टी' असा लेख शाळेच्या वार्षिक अंकात लिहिला. बातमी वाचल्यागत लोक तो लेख एकमेकांना सांगत होते. अण्णारावांनी तर त्याची कात्रणं नातेवाइकांना वाटली.

अशा कागदांच्या गुंडाळ्या साठत साठत बासष्ट झाल्या. दुकानाच्या माळ्यावर सुतळीनं बांधून ठेवलेल्या. पोरगा पुण्याला कंपनीत, त्याला यात रस नाही आणि मास्तरांनी तशी अपेक्षाही धरली नाही. पण एक घोर त्यांना लागला होता. या कागदांवरनं दुसऱ्या कुणाला कपडा बेतता येईल का. आला तर हे सगळं राहील. नाही आला तर, त्यांच्याच शब्दांत, "मी गेलो की ह्येच्या शेंगदाण्याच्या पुड्या."

आणि मग अर्चना आली. ढोकीची, नवरा साखर कारखान्यात, दोन मुलं शाळेत. शिवणकामाचा सरकारी कोर्स केलेला, घरी ब्लाऊज शिवायची, आणि तिला जुन्या चोळीची बेतणी शिकायची होती. मास्तर म्हणाले शिकवत नसतो. ती म्हणाली बरं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीनं आली. असं आठ-दहा दिवस चाललं. शेवटी भाभीच म्हणाल्या की या बाईच्या तिकिटाला तरी लाजा. मग मास्तरांनी तिला कागद दाखवायला सुरुवात केली, आणि पहिल्याच दिवशी दोघांचं वाजलं. तिनं सगळ्या गिरहांचे इंच करून वहीत लिहिले. एक गिरह म्हणजे सव्वादोन इंच. मास्तरांना तो गजाचा अपमान वाटला. ती म्हणाली, "चाचा, तुमची गिरह माझ्या टेपवर न्हाय. म्या काय करू?" त्यावर त्यांनी तिला चहा आणायला सांगितलं. तिनं बाहेर हाक मारून चहावाल्याला सांगितलं आणि जागची हलली नाही. मला ती तेव्हाच आवडली.

वर्षभर ती शिकली. पण कापडाला कात्री लावायची वेळ आली की मास्तर 'थांब' म्हणायचे. दोन इंच कापलं की थांब. वळण आलं की थांब. शेवटी कात्री तिच्या हातातनं त्यांच्या हातात जायची आणि तुकडा तेच कापून टाकायचे. म्हणजे शिकणं सगळं कागदावरचं.

गेल्याच्या गेल्या वर्षी मास्तरांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. आणि नेमका तेव्हाच अण्णारावांच्या नातवाच्या लग्नाचा मुहूर्त निघाला. नातवाला पेटीतल्या त्या अंगरख्यासारखाच अंगरखा घालून बोहल्यावर उभं राहायचं होतं. अण्णारावांनी हिमरूचा एक तागा खास विणून घेतला होता, मोतिया रंगाचा. कापड तेवढंच. लग्न बारा दिवसांवर. मास्तर नाही म्हणतील असं मला वाटलं. ते काळा चष्मा लावून दोन दिवस तो तागा चाचपत बसले आणि तिसऱ्या दिवशी अर्चनाला म्हणाले, "तूच बेत. मी दुकानात येणारच न्हाय. आलो तर 'थांब' म्हणंन. कागदात सगळं हाय. कागदावरनं जमलं तर जमलं."

मला नंतर भाभींनी सांगितलं की त्या दिवशी ते जेवले नाहीत. बासष्ट कागदांचा निकाल त्या एका अंगरख्यावर लागणार होता, आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

पाच दिवसांनी मला अर्चनाचा फोन. "बाई, तुमी जरा दुकानात येता का? चाचांना कायबी सांगू नका."

मी गेले तर नवरदेव मधोमध उभा, हात दोन्ही बाजूला पसरलेले. कच्च्या टाक्यांनी जोडलेला अंगरखा त्याच्या अंगात, आणि पुढचे दोन पल्ले एकमेकांना भेटायला तयार नाहीत. चांगलं वीतभर अंतर. अर्चनानं आधी त्याचं माप दोनदा घेतलं होतं, मापात चूक नव्हती. पोरगा शहाणा होता. श्वास आत ओढून म्हणाला, "मावशी, मी लग्नापर्यंत जेवत नाही." मी म्हटलं, बाळा, तू जन्मभर जेवला नाहीस तरी हे पुरायचं नाही. अर्चनाचा चेहरा पांढराफटक. रेघेवर कापलं बाई, जशीच्या तशी रेघ, असं ती तीन-तीनदा सांगत होती. कापड आता चिंध्यांपुरतं उरलेलं.

लपवून किती लपवणार. दुकानात कुजबूज चालली आहे हे मास्तरांना घरात ऐकू गेलं असणार. ते भिंत धरत आले, काळा चष्मा लावलेले, मागं भाभी. अर्चना बाजूला सरली. त्यांनी नवरदेवाला ताठ उभं राहायला सांगितलं आणि बोटांनी अंगरखा चाचपत गेले. खांदा, मुंढा, काख, मग एकेक कळी. तिसऱ्या कळीच्या जोडापाशी बोटं थांबली. त्यांनी शिवणीची कड उलटी करून दोन बोटांत चोळली.

"माया कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

ज्यांना शिवण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. रेघ असते ती टाक्याची, कापायचं असतं ते तिच्या बाहेरनं, माया सोडून. अर्चनाच्या कोर्समध्ये कागदावरच माया धरून आकृती काढायला शिकवलेलं. म्हणून तिला वाटलं ही रेघ म्हणजे कापायची रेघ. तिनं रेघेवर कापलं आणि मग आत शिवण घेतली. आठ कळ्या, प्रत्येक कळीला दोन कडा, प्रत्येक कडेला बोटभर. वीतभर नाही तर काय कमी पडणार.

ती म्हणाली, "चाचा, कागदावर माया न्हाय."

"कागदावर कशी असंल, बेटा? माया बेतणाऱ्याच्या हातात असती."

"ते मला तुमी कधी सांगितलं?"

मास्तरांनी शिवण सोडली. स्टुलावर बसले. वर्षभर तिच्या हातातनं कात्री काढून घेऊन कोपऱ्याकोपऱ्यावर स्वतःच कापत आलेला माणूस तो. मायेचं बोट ठेवायचं ते त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की ते शिकवायची गोष्ट आहे हेच त्यांना कधी सुचलं नव्हतं. बासष्ट कागद, आणि एकावरही माया नाही. मला त्यांच्याकडं बघवेना. मी आपली अंगरख्याच्या बंदाशी चाळा करत उभी राहिले.

मग ते हळूच म्हणाले, "अर्चना, त्या लाल पट्टीच्या आतली शिवण कशी होती माहितीये? दोऱ्याएवढी. माया नव्हतीच तिथं. मला तवाच कोडं पडलं होतं." आणि एकदम हसायला लागले. आधी नुसते खांदे हलत होते, मग आवाज फुटला, मग पोट धरून. आम्हाला कळेना की या माणसाला झालंय काय. हसता हसता त्यांनी सांगितलं ते असं. त्या खापरपणजोबांच्या शिंप्याकडंही कुणीतरी शिकाऊ असणार. त्यानं डाव्या कळ्या अशाच रेघेवर कापल्या. उस्तादाच्या लक्षात आलं, त्यानं कान पिळला, उजवीकडं माया सोडली. आणि डावीकडं कमी पडलं तिथं घरात होती नव्हती ती लाल पट्टी घालून वेळ मारून नेली. कसली तलवार आणि कसला मान.

"त्यो बी रेघेवरच कापत बसला, बाई," ते मला म्हणाले, "आन् आपुन त्येच्यावर भाषण केलं." काळ्या चष्म्याखालनं पाणी वाहायला लागलं. भाभी कावऱ्याबावऱ्या होऊन ओरडल्या, "हसो नक्को, डॉक्टर बोला था, आँख में पानी नै आना!" त्यावर ते आणखी हसले. मग अर्चना हसली, नवरदेव हसला आणि कच्चे टाके उसवले. मी सगळ्यात शेवटी हसले, कारण वार्षिक अंकातला लेख माझ्या नावावर होता.

पुढचं काम सरळ झालं. आठही जोडांना लाल पट्टी. पट्ट्या कापताना माया सोडायला अर्चना विसरली नाही. मास्तर बाहेर ओट्यावर बसून होते आणि आत फिरकले नाहीत. लग्नात तो अंगरखा असा काही शोभला की नवरीला कुणी बघेना. मास्तरांना मात्र तिथंही गप्प बसवलं नाही. अण्णारावांना बाजूला घेऊन त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. मी कोपरानं ढोसत होते की राहू द्या, पण नाही. अण्णारावांचा चेहरा पडला. म्हणाले, म्हणजे आम्ही चार पिढ्या दसऱ्याला त्या पट्टीवर हळदकुंकू वाहतोय ते शिंप्याच्या चुकीला? मग बोहल्यावरच्या नातवाकडं बघत ते म्हणाले, "वाहू द्या. घरात चुका काय कमी झाल्या? एकीला तरी मान मिळाला."

लग्नाहून आल्यावर मास्तरांनी बासष्टच्या बासष्ट गुंडाळ्या माळ्यावरनं उतरवून घेतल्या. प्रत्येक रेघेच्या बाहेरनं दुसरी रेघ मारायची, मायेची, लाल पेन्सिलीनं. डोळ्याला अजून नीट दिसत नव्हतं. तेव्हा ते रेघेला बोट लावून धरायचे आणि अर्चना बोटाच्या पलीकडनं रेघ ओढायची. ते म्हणायचे, माझं बोट जाड, तुझं बारीक. तुझ्या बोटानं काढली तर पुढच्याला पुरायची न्हाय. ती म्हणाली मग पुढच्यांनी तुमचं बोट कुठनं आणायचं? तिनं टेप घेतली आणि त्यांच्या बोटाची रुंदी मोजली. पाऊण इंच भरली. मास्तरांनी एवढी वर्षं ज्या टेपचा राग राग केला, तिच्यापुढं त्यांनी निमूट बोट धरलं. मग तिनं प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'माया पाऊण इंच.' मी बाजूला बसून भाभींच्या वाटाण्याच्या शेंगा सोलत होते.  अण्णारावांच्या अंगरख्याच्या कागदावर मास्तरांनी स्वतःच्या हातानं खाली आणखी एक ओळ लिहिली आहे. 'डावी पट्टी मानाची नाही. कापड कमी पडलं होतं.'

निवृत्तीनंतर मी मुलीकडं सोलापूरला राहते. मागच्या दिवाळीनंतर काही कामानं धाराशिवला गेले तेव्हा दुपारी दुकानावर डोकावले. फळ्या उघड्या होत्या, पंखा चालू. आत अर्चना जमिनीवर गुडघे टेकून हिरव्या खणाची चोळी बेतत होती, बाजूला खाकी कागद आणि त्यावरच्या दोन रेघा. हातात पितळी मुठीची कात्री. करकर करकर, न थांबता, वळणावरसुद्धा. मास्तर गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर पाय वर घेऊन, तोंड उघडं टाकून, चक्क घोरत होते. मी हाक मारणार तोच एक गिऱ्हाईक आलं आणि त्यांचा खांदा हलवायला लागलं.

अर्चनानं कात्री न थांबवता मान वर केली. म्हणाली, "झोपू द्या त्यांना. माप म्या घेते."